नियमकाकांनी वाचलेलं पुस्तक

नियमकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी जन्मठेप थोडक्यात चुकली. मी कॉलेजात नवा मास्तर. नद्यांवरच्या फिल्मची सीडी घेऊन ग्रंथालयाच्या खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "काका, हिची एक कॉपी काढून द्या, वर्गात दाखवायचीय." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्या नजरेने छताचा पंखा थांबला, कपाटातले शब्दकोश अंग चोरून बसले आणि माझ्या सात पिढ्या चोर ठरल्या.

"मास्तर, हिला डिजिटल कुलूप आहे. ते फोडायचं नाही. हीच सीडी वर्गात लावा, कोणी आडवं येणार नाही. विसाव्या मिनिटाला अडकते. तेव्हा खडू आहेच तुमचा."

असा माणूस! झेरॉक्सला एकच धडा द्यायचे; पुढच्या धड्याच्या दोन ओळी चुकून आल्या तर कात्रीने कापायचे. पोरं पाठीमागे त्यांच्या नकला करत. मला ती सगळ्यांत चांगली जमायची.

मग कॉलेजात एक नवी विद्यार्थिनी आली. तिला दिसत नसे. कॉम्प्युटर तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. पण अर्थशास्त्राच्या ई-पुस्तकाला असं कुलूप, की कॉम्प्युटर मुका. परीक्षा तीन आठवड्यांवर.

"फोडून टाकू काका, कोण बघतंय?" मी म्हणालो.

"मी बघतोय ना!"

त्यांनी प्रकाशकाला परवानगीसाठी पत्र धाडलं. मग दुसरं, तिसरं. उत्तर आलंच नाही. पोरगी रडकुंडीला आली.

शेवटी काकांनी तिच्याशेजारी खुर्ची ओढली. "कॉपी नाही, फोडाफोड नाही. मी तोंडाने वाचतो. माझं तोंड बंद ठेवायचा नियम फक्त आमच्या घरी आहे."

रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, 'शांतता राखा'च्या पाटीखाली ते खणखणीत वाचायचे. तळटिपा, पानांचे आकडे, 'सर्व हक्क राखीव', सगळं.

"काका, हे गाळा ना!"

"लेखकाचं आहे बाई. गाळणारा मी कोण?"

शेवटच्या प्रकरणापर्यंत घसा पार बसला होता. मी कपाटाआड उभा राहून ऐकायचो. इतकं रटाळ पुस्तक इतक्या मायेने वाचलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

ती पास झाली, एकावन्न टक्क्यांनी. काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी अजून कोणाची नेमणूक झालेली नाही.