डावीकडची सीट

भिंगारच्या याकोबमामांकडे गाडीच्या सीटा शिवायला गेलं, की ते आधी गाडीकडे बघतच नसत. ओल्या वाळूनं भरलेलं एक लाकडी खोकं पायानं पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा." वकील असो, मामलेदार असो, त्या वाळूत बसावंच लागे. मग "उठा" म्हणायचे आणि चष्मा कपाळावर चढवून, उकिडवे बसून वाळूतला ठसा न्याहाळत राहायचे. गिऱ्हाईक बिचारं मागची वाळू झटकत उभं. "तोंड खोटं बोलतंय, बैठक न्हाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी त्या वाळूत बसलो तो बाहत्तर सालच्या आसपास. नगरात नुकताच दवाखाना टाकला होता आणि एक जुनी फियाट घेतली होती. गाडीला पुढे एकच लांब बाक होता, त्याच्या स्प्रिंगा वर आलेल्या. दर शनिवारी मी पाथर्डीला रोगी तपासायला जात असे, आणि करंजीच्या घाटात वळण आलं की त्या बाकावरून पार दारापर्यंत घसरत असे. एका मासिकात मोटारींच्या शर्यतीचा फोटो पाहिला होता. त्यातल्या गाड्यांना दोन सुट्या, खोलगट सीटा होत्या, दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणाऱ्या. मला तशाच हव्या होत्या, लालभडक. वय सव्वीस, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही उगीच नाही.

"उजव्या अंगाला कलता. खिडकीत कोपर टाकून चालवत असनार," मामा ठशाकडे बघत म्हणाले. खरंच होतं. मग त्यांनी मान वर केली. "शेजारी कोन बसतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

धडधडीत खोटं बोललो. दर शनिवारी माझ्या शेजारी माझी आई बसायची. पाथर्डीला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. वडील गेल्यापासून आईचं बाहेर जाणं असं ते एवढंच उरलं होतं. गाडीत शिरली की चपला खाली काढायची, नऊवारी सावरून पाय वर घ्यायची आणि त्या बाकावर झकास मांडी घालायची. मांडीवर मावशीचा डबा. वाटेत तोंडाचा पट्टा सुरू. एकदा माझ्या एका मित्रानं ते पाहिलं आणि चारचौघांत विचारलं, "काय डॉक्टर, गाडीत पंगत बसवलीस का?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

मामांनी जुना बाक काढून उन्हात ठेवला आणि त्यावरून तळवा फिरवू लागले. डाव्या बाजूला हात थांबला. "डाक्टर, हितं दोन खड्डे हायेत, गुडघ्यांचे. मांडी घालून कोन बसतं?"

"आई. कधीतरी."

"कधीतरी बसून असं पडत न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "असं करू. तुमाला खोलगट शिवतो, घाटात धरून ठिवील. आईंना रुंद, सपाट."

"एका गाडीत दोन तऱ्हेच्या सीटा? लोक काय म्हणतील!"

"लोक गाडीत बसनार हायेत व्हय? आवो, ही शर्यतीची सीट हाय. तुमची आई कुनाशी शर्यत लावनार?"

मी ऐकलं नाही. मुंबईहून लाल रेक्झिनची जोडी मागवली आणि त्यांच्याकडूनच बसवून घेतली. मी निघताना मामा एवढंच म्हणाले, "जुना बाक ठिवू का माझ्याकडं?" म्हटलं, ठेवा, मला काय करायचंय.

पहिल्या शनिवारी आई त्या सीटवर बसली. पाय वर घ्यायला गेली, तर दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांना गुडघे अडले. मग पाय खाली सोडले, ते जमिनीला टेकेनात. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून पाथर्डीपर्यंत गप्प बसली. उतरताना म्हणाली, "छान हाय रं. लाल हाय."

पुढच्या शनिवारी म्हणाली, "तू जा. माझा गुडघा धरलाय." मी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी गोळ्या बदलल्या. चौथ्या शनिवारी चोळायला मलम दिलं. एवढा शिकलेला डॉक्टर मी! पाथर्डीला मावशी विचारायची, "तुजी आई का येत न्हाई रं?" मी तिलाही गुडघ्याचं सगळं समजावून सांगितलं.

महिन्याभरानं एक शिवण उसवली म्हणून मामांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आई कशा हायेत?"

"गुडघा दुखतोय. गाडीत येत नाही हल्ली."

मामांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "गुडघा घरी दुखतोय, का गाडीतच?"

आई घरात दिवसभर मांडी घालून भाकरी थापत होती, निवडणं-टिपणं करत होती. ते मला रोज दिसत होतं, पण कळलं मात्र आत्ता. मामा आत गेले आणि एक सीट उचलून घेऊन आले. त्याच जुन्या बाकाचा डावा भाग. स्प्रिंगा त्याच, पण बसत्या केलेल्या. काथ्या नवा, वर तपकिरी रेक्झिन. चार बोटं जास्त रुंद, बाजूंना उंचवटा नाही, आणि बसायच्या जागी दोन अगदी उथळ खळगे.

"कधी शिवलीत ही?"

"तुमचा बाक काढला त्याच आठवड्यात. तुमी येनार ठावं हुतं. लई उशीर लावलात."

माझ्या आईला या माणसानं एकदाही पाहिलेलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले. मामांनी ते पाहिलं आणि पाना शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

त्या शनिवारी आईनं दार उघडलं, नव्या सीटवर हात फिरवला, चपला काढल्या आणि पाय वर घेतले. "आता कसं! कुनी केलं रं?" गुडघ्याचं विचारलं, तर म्हणाली, "कसला गुडघा?" तेव्हापासून दर शनिवारी दोन डबे होऊ लागले, एक मावशीचा, एक मामांचा. हुलग्याचे शेंगोळे मामांना फार आवडत. डबा परत देताना हटकून म्हणायचे, "आईंना सांगा, मीठ एक कन कमी हुतं." आई पुढच्या वेळी मुद्दाम तेवढंच मीठ घालायची. दोघांची भेट मात्र कधी झाली नाही.

दोन वर्षांनी मामांचं हृदय थकलं. आडवं झालं की दम कोंडायचा. उशांना टेकवून बसवलं, तर झोप लागताच एका बाजूला कलंडायचे आणि दचकून जागे व्हायचे. एका दुपारी त्यांची बायको माझ्याजवळ रडली, "चार दिस डोळ्याला डोळा न्हाई वो." माझ्या औषधांनी होण्यासारखं फार उरलं नव्हतं. आणि एकदम आठवलं. घरी पत्र्याच्या शेडमधे ती डावीकडची लाल सीट धूळ खात पडली होती.

ती आणून खाटेवर दोरीनं घट्ट बांधली. "बसा," मी म्हणालो. मामा हसले आणि बसले. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांनी त्यांना बरोबर धरलं. बोटानं शिवण चाचपून म्हणाले, "बरी हाय मुंबईची शिवन." मग डोळे मिटता मिटता म्हणाले, "डाक्टर, आता लागली बगा माझी शर्यत." आणि झोपले. आठ दिवस त्यांना झोप मिळाली. नवव्या दिवशी दुपारी त्या सीटवरच, झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी आई आपणहून गाडीत येऊन बसली, मांडी घालून, मांडीवर त्यांच्या घरच्यांसाठी डबा. मामांच्या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. त्यांच्या बायकोचा हात धरून थोडा वेळ बसली. मग खाटेपाशी गेली आणि लाल रेक्झिनवर जिथं त्यांची बैठक उमटली होती, तिथं तळवा ठेवला.

"सीट वाईट न्हवती रं, बाळ," ती म्हणाली. "ज्याची त्याला मिळाली न्हवती."