मागच्या दाराची मालकीण

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता लोरेन हॅडफील्डने अर्धवट भाजलेले पाव ओव्हनमध्ये सरकवले. ते खाण्यासाठी नव्हते. घर पाहायला कोणी येणार असेल तर पाव भाजत ठेवावा, त्या वासाने येणारा माणूस विरघळतो, अशी लंडनजवळच्या डार्टफर्डमध्ये घर विकणाऱ्या प्रत्येकाची श्रद्धा आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षे तीनशे मुलांसाठी रांधणाऱ्या लोरेनला या युक्तीची थोडी लाज वाटली. पण चार वर्षांत हे घर पाहायला येणारे ते पहिलेच माणूस होते.

सकाळीच वडिलांचा फोन येऊन गेला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचे विल्फ उत्तरेकडे ब्रिडलिंग्टनला, समुद्रालगतच्या घरात एकटे राहत. शरद ऋतूत ते स्वयंपाकघरात पडले आणि शेजारीण येईपर्यंत पाच तास फरशीवर पडून राहिले. ईस्टरपर्यंत घरी कायमचे कोणी आले नाही, तर त्यांना वृद्धाश्रमात हलवावे लागेल, असे समाजसेविकेने कळवले होते.

"काय गं पोरी, तू घर विकतेयस, की घरानंच तुला विकायला काढलंय?"

"आज एक मुलगी येतेय, बाबा."

"मग जरा गोड बोल. तुझ्या आईवर गेलीयेस तू. सेल्समनला दारातच त्याच्या मालातले दोष सांगायची ती."

अकरा वर्षांपूर्वी, घटस्फोटानंतर, लोरेनने केस्ट्रेल कोर्टमधल्या या दोन खोल्या घेतल्या. घेतल्या म्हणजे त्यांचा चाळीस टक्के हिस्सा घेतला. उरलेले साठ टक्के इमारत बांधणाऱ्या गृहसंस्थेचे होते आणि त्यांचे भाडे लोरेनने भरायचे होते. किल्ली हातात देताना विक्री कार्यालयातल्या बाईंनी ट्यूलिपचा गुच्छही दिला होता. त्या संध्याकाळी वडिलांना फोनवर ती म्हणाली होती, "चाळीस टक्के तरी माझं आहे ना!"

त्या वाक्यात खोटे काही नव्हते. अपुरे मात्र बरेच होते, आणि ते तिला टप्प्याटप्प्याने कळत गेले. बॉयलर बिघडला तेव्हा दुरुस्ती चाळीस टक्के नव्हे, सगळीच्या सगळी तिची निघाली. देखभालीचा आकार दर एप्रिलला वाढे. तो का वाढला हे विचारले की तीन आठवड्यांनी नुसते विचारल्याबद्दल आभाराचे पत्र येई. मग इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवरचे आवरण आग पकडणारे आहे असे उघडकीला आले. साडेतीन वर्षे सगळी इमारत परांच्या आणि प्लास्टिकआड गुंडाळलेली राहिली. त्या काळात कोणतीही बँक इथल्या घरावर कर्ज देईना, म्हणजे घर विकता येईना. घर भाड्याने देऊन निघून जावे, तर करारात त्याला मनाई. भाडेकरूला निदान महिन्याची नोटीस देऊन निघून जाता येते. लोरेन मालकीण होती, म्हणून तिला जाता येत नव्हते. मालकी ही राहण्याइतकीच सोडून जाण्याचीही मोकळीक असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कारण ज्यांच्याकडे पूर्ण मालकी असते त्यांना ते सांगावे लागत नाही.

आवरण बदलून भिंती सुरक्षित असल्याचा दाखला एकदाचा मिळाला. आता पहिले आठ आठवडे गिऱ्हाईक गृहसंस्थाच शोधणार होती. तोवर लोरेनला बाजारात उतरायची परवानगी नव्हती. संस्थेच्या विक्री अधिकाऱ्याने फोनवर बजावले होते, "विचारलं तेवढंच बोला, मिसेस हॅडफील्ड. त्यातूनही शक्यतो वकिलाकडे बोट दाखवा."

अडीच वाजता घंटी वाजली. मुलीचे नाव बेथन क्रॅडक, वय सव्वीस, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. ती धापा टाकत वर आली.

"सॉरी, उशीर झाला. पुढच्या दारानं मला आतच घेतलं नाही हो."

"ते पूर्ण मालकांचं दार. आपलं, हिस्सेवाल्यांचं, मागचं. कचऱ्याच्या खोलीशेजारचं."

"अच्छा," बेथन म्हणाली, आणि मग नाक वर करून, "किती छान वास येतोय!"

लोरेन ओट्याकडे वळली. मुलगी खोलीभर फिरली, खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाहिले, मग भिंतीलगत टाचेला टाच लावत पावले मोजू लागली. "नऊ. आजीचं कपाट बसेल." अकरा वर्षांपूर्वी लोरेननेही तीच भिंत तशीच मोजली होती, आईच्या शिलाई मशीनसाठी.

"एक विचारू?" बेथन म्हणाली. "तुम्ही परत घेतलं असतंत हे घर?"

उत्तर तयार होते. वकिलाकडे बोट दाखवायचे होते. लोरेनच्या डोळ्यांपुढे ब्रिडलिंग्टनची फरशी आली, त्या फरशीवरचे पाच तास आले. तिने ओव्हन बंद केला. मग तिने खालचा खण उघडला, दोऱ्याने बांधलेली जाड फाईल काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे वाच. सगळ्या अकरा वर्षांची बिलं आणि पत्रं आहेत यात. मी चहा टाकते."

बेथनने चाळीस मिनिटे वाचले. मधे एकदाच मान वर केली. "हे तुम्ही एकटीनं भरलंत?"

"हो."

"आणि हा आकडा आणखी वाढू शकतो?"

"दर एप्रिलला वाढतो. किती, ते मला विचारत नाहीत. तुलाही विचारणार नाहीत."

चहावर साय धरली. फाईल मिटली तेव्हा लोरेनने मनातल्या मनात, गिऱ्हाईक हातचे गेले हे वडिलांना सांगायचे वाक्य जुळवायला सुरुवात केली होती.

"मी घेते," बेथन म्हणाली.

"अगं, वाचलंस ना नीट?"

"वाचलं. मी राहते ते घर मालक मेमध्ये विकतोय. सहा वर्षांत हे माझं पाचवं घर." ती जराशी हसली. "चाळीस टक्के तरी माझं असेल ना!"

लोरेनला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. सुटका समोर बसली होती, तीही फसवून आणलेली नाही, सगळे वाचून आलेली. पण स्वतःचेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला कळले की आपण खरे सांगितले, तरी मुलीपुढे दुसरा रस्ता ठेवू शकलो नाही. तो ठेवणे तिच्या हातात नव्हतेच. निवडीला आधीच कोंडलेले असेल, तर सत्य सांगणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, एवढेच.

तिने पाव बाहेर काढले. खालून थोडे करपले होते. दोघींनी लोणी लावून ते उभ्याउभ्याच खाल्ले.

"बाबांकडे जाणार तुम्ही?"

"ईस्टरच्या आत, वकिलांनी मनावर घेतलं तर."

लोरेन तिला खाली सोडायला गेली. कचऱ्याच्या खोलीशेजारच्या अरुंद वाटेवर मागच्या दाराची जाड स्प्रिंग नेहमीसारखी ताठ होती. बेथनने दार ढकलले, ते अर्ध्यावरून परत येऊन तिच्या खांद्यावर आदळले.

"असं नाही," लोरेन म्हणाली. "आधी उजवा पाय खाली अडकव. आता खांदा लाव. हातात पिशव्या असल्या तर पाठ करून ढकलायचं. दोन आठवड्यांत सवय होते."

बेथनने पाय अडकवला, खांदा लावला. दार उघडले. बाहेर पडून तिने मागे वळून पाहिले, दार सोडले आणि ते पुन्हा एकदा स्वतः उघडून पाहिले.