पहिल्या कोंबांची भाजी

मार्चमधल्या एका दुपारी मी शाळेत शिकवून घरी आले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. पानात मुगाची डाळ घालून परतलेली एक पालेभाजी होती. मी ती पुन्हा वाढून घेतली आणि सासूबाईंना विचारलं, "आई, कसली हो ही? मस्त झालीय."

"ओळख बघू," त्या खुशीत म्हणाल्या. "आपल्याच अंगणातली आहे."

आमच्या अंगणात तेव्हा खाण्याजोगं काहीच नव्हतं. घास तोंडात तसाच ठेवून मी बाहेर धावले. आर. के. पुरममधल्या आमच्या तळमजल्याच्या क्वार्टरच्या भिंतीवर मी छतापासून सुतळ्या सोडल्या होत्या. त्यांच्या खालच्या टोकांशी सकाळपर्यंत हॉप्सच्या वेलाचे वीतभर कोंब डोलत होते. आता तिथे नुसती माती होती. एकूण एक कोंब आईंनी खुडला होता आणि त्यातले निम्मे माझ्या पोटात गेले होते.

मी मुळात तापट. त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई एवढंच म्हणाल्या, "भोपळ्याचे शेंडे खुडतोच की आपण. मला वाटलं, वेल माजलाय." मग त्या देवघरात जाऊन बसल्या आणि पुढचे काही दिवस आमच्यात फक्त "चहा ठेवलाय" एवढंच बोलणं झालं.

एवढा संताप कशासाठी, ते सांगायला हवं. हॉप्सची फुलं बियरला कडवटपणा आणि वास देतात. माझे यजमान सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट. रविवारी मोठ्या पातेल्यात बियर करायची त्यांना हौस, तीही विकायला नाही, घरापुरती. फुलं मात्र ते पाकिटातली आणत, वाळवून दाबून गोळ्या केलेली. त्या गोळ्यांना गुरांच्या पेंडीसारखा वास येतो असं मी एकदा बोलून गेले. तेव्हा माझे धाकटे दीर समोर बसले होते. ते मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहेत, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणं हा त्यांचा धर्मच.

"मग वहिनी, तुम्हीच लावा ना ताजे," ते म्हणाले. "तुमच्या हाताला यश आहे म्हणतात."

"लावीन की."

"अरे यार, दिल्लीत? पंचेचाळीस डिग्रीत? थंड देशातला वेल आहे तो. त्याला इथे पातेलंभर फुलं आली, तर त्या बियरच्या सगळ्या बाटल्या मी धुईन. बिल्कुल एकटा."

घरी बियर करणाऱ्यालाच बाटल्या धुण्याचं दुःख कळतं. रात्रभर भिजवा, ब्रश घाला, उकळत्या पाण्यातून काढा, आणि एक जरी अस्वच्छ राहिली तरी आतली बियर आंबट. हे काम भावजींच्या गळ्यात पडणार या एका विचाराने मी हिमाचलहून मुळांचे तुकडे मागवले आणि भर थंडीत जमिनीत पुरले.

पहिल्या वर्षी वेल कसाबसा जगला. दुसऱ्या वर्षी कमरेइतका झाला आणि तेवढ्यावरच त्याला मूठभर फुलं आली. भावजींनी ती तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, कोशिंबिरीला पुरतील." मी चिडून वाचायला बसले तेव्हा कारण कळलं. या वेलाला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात. आपल्याकडचा दिवस त्याला आखूड वाटतो, मग उन्हाळा सरत आला असं समजून तो वाढायचं सोडतो आणि घाईघाईने फुलतो.

आता तिसरं वर्ष होतं आणि तेच शेवटचं. ऑगस्टअखेर यजमान निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचं आणि नोएडात वरच्या मजल्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये जायचं. तिथे ना जमीन, ना भिंत. जे व्हायचं ते याच उन्हाळ्यात व्हायला हवं होतं, आणि त्या उन्हाळ्याचे कोंब मी डाळ घालून खाल्ले होते.

अबोला मोडला तो यजमानांच्या मोबाइलमुळे. एका संध्याकाळी ते परदेशातल्या एका शेतकऱ्याचा व्हिडिओ बघत होते आणि एकदम ओरडले, "अगं, इकडे ये! हा बघ काय करतोय!" तो शेतकरी विळा घेऊन हॉप्सचे पहिले कोंब सपासप कापत होता. हे पहिले कोंब पोकळ असतात, नुसते उंच पळतात, ते काढले की मागून येणारे दमदार येतात, असं तो सांगत होता. आईही मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याने कापलेला ढीग लाथेने बाजूला सारला तसा त्यांचा जीव कळवळला.

"टाकून देतो?" त्या म्हणाल्या. "भाजी नाही करत?"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मी आईंना घट्ट मिठी मारली. त्या म्हणाल्या, "पुरे गं, पाठ मोडशील."

दुसरे कोंब खरोखरच जाडजूड निघाले. मी त्यांना सुतळीवर चढवायला लागले, पण सकाळी पाहावं तर वेल सुटून जमिनीवर. पुन्हा गुंडाळावा, पुन्हा तेच. मी माहेरी घेवडा चढवायचे, त्याच सवयीने गुंडाळत होते. आई पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. "अगं, तू त्याला उलटी प्रदक्षिणा घालायला लावतेयस," त्या म्हणाल्या. "वडाला दोरा गुंडाळतो तसा फिरव की." मी तसा फिरवला. सकाळी तो सुतळीला घट्ट धरून वीतभर वर गेलेला होता.

संध्याकाळ झाली की मी वेलावर मोठा दिवा लावायचे, जेवणं आटपेपर्यंत. दिवस अजून मावळला नाही असं त्याला वाटायला हवं होतं. समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंनी एकदा विचारलं, "भाभीजी, बेल को यूपीएससी की तैयारी करा रही हो क्या?" मी म्हटलं, "जी, और इसका लास्ट अटेम्प्ट है।" मे महिन्यात लूच्या गरम झळा सुरू झाल्या तशी मी वर हिरवी जाळी बांधली आणि बुंध्याशी ओल्या गोणपाटाचे थर दिले. कडेची पानं करपली, पण वेल थांबला नाही. तो छताला टेकला आणि वरच्या बाल्कनीच्या गजांत शिरला. मग आता फुलू दे म्हणून मी दिवा बंद केला आणि देवाचं नाव घेतलं.

जुलै लागला तेव्हा भिंत दिसेनाशी झाली होती. फिकट हिरव्या फुलांचे घोसच्या घोस! फूल कागदासारखं कुरकुरीत झालं की पिकलं. उघडलं की आत पिवळी पूड, बोटांवर चोळली की संत्र्याच्या सालीचा आणि ताज्या गवताचा वास. मी ती पहिली पिवळी बोटं यजमानांच्या नाकाशी धरली. ते माझा हात धरून पुन्हा पुन्हा वास घेत राहिले. मला आनंदाने अक्षरशः नाचावंसं वाटलं आणि मी अंगणात दोन गिरक्या घेतल्याही.

आईंनी सांडग्यांचं धुवट कापड काढून दिलं. आम्ही पंख्याखाली सावलीत फुलं वाळवली. घरातली प्रत्येक चादर त्या वासाने भरली. बियर केली, फुलं पातेलंभरच काय, त्याहून जास्त निघाली. बाटल्या भरायच्या रविवारी भावजी मुकाट्याने बाह्या सरसावून अंगणातल्या नळाशी बसले. मी खुर्ची टाकून समोर बसले आणि प्रत्येक बाटली उजेडात धरून तपासली. दोन परत पाठवल्या.

"वहिनी, साफ आहे ती!"

"तपासणी खातं आहे हे," मी म्हटलं. "पुन्हा घासा."

क्वार्टर सोडायच्या आठवड्यात आम्ही पहिली बाटली उघडली. भावजींनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. बराच वेळ खोट शोधली. शेवटी म्हणाले, "खोट नाही." त्यांच्या तोंडून हे शब्द मी लग्न होऊन आल्यापासून प्रथमच ऐकले. आईंनी बोट बुडवून चाखलं आणि निकाल दिला, "कारल्यापेक्षा बरी."

वेल मात्र सोडून जायचा नव्हता. पावसाळा लागताच मी खालची एक फांदी वाकवून कुंडीतल्या मातीत दाबली होती, मोगऱ्याचं दाबकलम करतात तशी. निघायच्या दिवशी तिने मुळं धरली आहेत का ते हलक्या हाताने ओढून पाहिलं. धरली होती. तिची नाळ कापून कुंडी मांडीवर घेतली आणि मी टेम्पोत पुढे बसले.

नोएडाच्या बाल्कनीत थंडीभर त्या कुंडीत नुसती माती दिसत होती. फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी जांभळट कोंब वर आले. या वेळी मी ते वीतभर होऊ दिले. मग स्वतःच्या हाताने सगळे खुडले आणि स्वयंपाकघरात नेऊन आईंच्या ओंजळीत ठेवले.

त्यांनी ते निवडायला घेतले. "मूठभरच आहेत," त्या म्हणाल्या. "डाळ जरा जास्त घालते."