गच्चीवरचं मतदान

आखातात, गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक फिलिपिनो शेठ राहायचे. त्यांची सलूनं होती, पैसाही बऱ्यापैकी होता. पण नाद एकच, मतदानाचा. तरुणपणी मायदेशी मतपेट्यांवर पहारा दिला होता म्हणे. इथे ते जिन्यातल्या बल्बच्या रंगापासून कचऱ्याच्या डब्याच्या जागेपर्यंत सगळ्यावर आमची मतं घेत. पेटी म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा डबा. चिठ्ठी टाकली की ते छातीवर हात ठेवून, वाकून आभार मानत.

अडचण होती ती त्यांच्या गाण्याची. दर शुक्रवारी ते गच्चीवर माइक धरून असं गात की खालच्या गाड्यांचे अलार्म वाजायचे. शेठना तोंडावर सांगणार कोण? शेवटी तेच म्हणाले, "माझं गाणं चालू ठेवायचं की बंद, मतदान घेऊ या."

गच्चीवर डबा उघडला. सगळी मतं 'बंद', फक्त एक 'चालू'.

"ते तुमचंच असणार," मी म्हणाले.

"नाही मॅडम, मीही 'बंद'च लिहिलं. मलाही ऐकू येतं!" ते खळखळून हसले आणि माइकची वायर गुंडाळायला लागले. "खलास. लोकांनी ठरवलं."

मग ते मत कुणाचं? शेजारी उभे असलेले आमचे हे एकदम आभाळाकडे बघायला लागले.

"अहो, तुम्ही?"

शेठ वायर टाकून चटकन आमच्या मधे येऊन उभे राहिले. "मॅडम, मत गुप्त असतं. नवऱ्यालासुद्धा विचारायचं नाही."

लग्नानंतर आमच्या ह्यांच्या बाजूने कुणी इतकं ठाम उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.