ताट फिरवणारी तीता

जगातली पंगत एक क्षणही मोडू नये म्हणून देवाने कोणाची नेमणूक केली असेल, तर ती आखातात, सीबला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणाऱ्या फिलिपिनो बाईची. मी तिथे एका एसीच्या कंपनीत होतो, त्याला आता दहाएक वर्षं झाली. पण या बाईच्या घरी कोणीच जेवत नाहीये असं दृश्य काही मला आठवत नाही. ती घरीच बायकांचे केस कापायची आणि त्यावर पोरं पोसायची. स्वतःचं मूल नव्हतं. कोणाचा बाप इस्पितळात, कोणाची आई नोकरी सुटून अडकलेली, कोणाकडे बघायलाच कोणी नाही; अशी पोरं तिच्याकडे आठवड्यासाठी येत आणि वर्षभर राहत. पोरं तिला तीता म्हणत. तीता म्हणजे तिच्या भाषेत मावशी. आमच्या सौभाग्यवतींना वयाने मोठ्या बाईला नुसतं तीता म्हणणं उद्धटपणाचं वाटे, म्हणून त्या तिला तीताताई म्हणत.

लहान मुलांसाठी तीताला एकच हेअरकट येत असावा. भुवयांच्या वर, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. तिच्याकडच्या यच्चयावत पोरांची डोकी तशीच. एकदा आमची कन्या खाली खेळायला म्हणून गेली आणि तेच डोकं घेऊन वर आली. मी तावातावाने खाली गेलो, तर तीता शांतपणे म्हणाली, "सर, ऑल सेम इज बेटर. नो चाइल्ड शुड लूक लाइक गेस्ट." मी तिथेच बसलो आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेलं चिकन आणि भात खाऊन परत आलो. तिची दुसरी खोड म्हणजे, एखादी वस्तू दाखवायला ती कधी बोट वापरत नसे. मीठ कुठे आहे विचारलं, की ओठांचा चंबू करून त्या दिशेला मान वळवायची. कन्येनेही हे उचललं, आणि बाईंनी वही कुठे आहे विचारल्यावर वर्गात चंबू केला म्हणून मला शाळेत बोलावणं आलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ताटं. पंगत चालू असताना कोणी बाहेर निघालं, तर जेवणाऱ्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो, ही तिच्या गावाकडची रीत. आपल्याकडे निघताना हातावर दही देतात, तसंच. तिच्या घरी सतत कोणी जेवणारं आणि सतत कोणी निघणारं, त्यामुळे ताटं जात्यासारखी फिरत. एकदा घरमालक, म्हणजे आमचे अर्बाब, पोरांची संख्या बघून भडकले. "ये घर है या मदरसा? खलास!" असं दारातच ओरडले. तीताने खुर्ची पुढे केली, समोर तळलेला मासा ठेवला. जेवून अर्बाब उठले, तशी सगळ्या पोरांनी एकदम ताटं फिरवली. आपली टिंगल चालली आहे असं वाटून ते लालेलाल झाले. मग तीताने समजावलं. पुढच्या वेळी अर्बाब रुस्ताकच्या बागेतला खजूर घेऊन आले, आणि निघताना सगळी ताटं फिरेपर्यंत दारातून हलले नाहीत.

तिच्याकडे अम्मू नावाची एक चिमुरडी होती. बाप ट्रेलर घेऊन दूरच्या सलालाहच्या फेऱ्या मारायचा. आईला हृदयाच्या ऑपरेशनसाठी घाईघाईने केरळला जावं लागलं, आणि ती निघाली तेव्हा नेमकं कोणी जेवत नव्हतं. तीताच्या जिवाला याचा घोर लागला. "नो वन वॉज ईटिंग, मॅडम!" असं माझ्या बायकोला कितीदा तरी म्हणाली. तेव्हापासून ती दर जेवणाला अम्मूच्या आईच्या नावाने एकदा ताट फिरवी. अम्मू तिला मम्मी म्हणायला लागली, की ती फ्रिजवर चिकटवलेल्या आईच्या फोटोकडे चंबू करून सांगे, "मम्मी देअर." मग दुसरं ऑपरेशन निघालं. केरळहून फोन येईनासे झाले. माझी बायको न राहवून बोलून गेली, "तीताताई, वो वापस नहीं आयी तो?" तीता एवढंच म्हणाली, "मॅडम, यू ईट," आणि तिच्या पानात भात वाढला. त्या दिवशी तीताने स्वतः मात्र काही खाल्लं नाही.

आई आली. काठीसारखी वाळलेली, नवऱ्याचा हात धरून एकेक पाऊल टाकत. अम्मू तीताच्या मागे लपली. आईने हाक मारली तरी हलेना. आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. अम्मूने एकदा फ्रिजवरच्या फोटोकडे पाहिलं, एकदा दारातल्या बाईकडे, आणि ओठांचा चंबू करून तीताला सांगितलं, "मम्मी देअर." त्या क्षणी मला रडू आवरलं नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही.

ते कुटुंब कायमचं केरळला निघालं, त्या दिवशी तीताने सकाळीच अख्खी बिल्डिंग जेवायला बसवली. नाश्त्याच्या वेळी अर्बाबसुद्धा मांडी घालून भात खात होते. गाडी आली. सगळ्यांची ताटं फिरली. अम्मू दारात थबकली. तीता तिची पिशवी धरून उभीच होती. "तीता! टर्न!" अम्मू ओरडली. तीता खाली बसली, अम्मूचं अर्धवट टाकलेलं ताट ओढलं आणि फिरवलं. गाडी गेली तरी फिरवतच होती. शेवटी माझ्या बायकोने तिच्या हातावर हात ठेवला. संध्याकाळी तिच्याकडे नवीन पोर आलं होतं, सरळ रेघेचं डोकं करून घेऊन भात खात होतं.

आम्ही निघालो तेव्हा आमच्यासाठीही ताटं फिरली, आणि आम्ही पुण्याला सुखरूप पोचलो. दोन-तीन वर्षांनी कळलं, की तीता सीब सोडून आपल्या गावी गेली. नंबर लागत नाही. ती निघाली तेव्हा तिच्या घरी कोणी जेवत होतं की नाही, कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी आपला रोज जेवताना एकदा ताट फिरवतो.