पानावरचा डाळीचा दाणा

परवा एक जाड जपानी कादंबरी उघडली आणि शिवणीलगतच्या एका शब्दावर तुरीच्या डाळीचा एक दाणा चिकटलेला दिसला. गुलबर्ग्यात डाळमिलच्या मागे राहणाऱ्या एक अक्का जपानी शिकवायच्या; त्यांच्या पुस्तकांवरही डाळीची पिवळी भुकटी बसायची. वर्षभर शिकल्यावर मी हीच कादंबरी त्यांच्याकडं मिरवत नेली. अक्कांनी वाटीभर डाळ पुढं सरकवली. "कुठलंबी पान काढ. न येणाऱ्या शब्दावर एकेक दाणा ठेव." अर्ध्यातच पान पिवळं झालं. "आता ह्याचं वरण शिजव," अक्का हसल्या. "कामून जिवाला ताप करून घ्यायलीस? पानावर पाच दाणे बसले तर गोष्ट कळती. जास्त झाले की नुसती डिक्शनरी." मग त्यांनी कपाटातून एका म्हाताऱ्या छत्रीवाल्याची पातळ गोष्ट काढली; अवघड अक्षरांच्या डोक्यावर बारीक उच्चार छापलेले. पानाला तीनच दाणे लागले. ती मी एका बैठकीत संपवली आणि शेवटी रडले, परक्या भाषेत पहिल्यांदाच. माणूस ओळखून इतकं नेमकं पुस्तक हातात ठेवणारं मला पुन्हा कुणी भेटलं नाही. परवाचा तो दाणा मी नखानं हळूच उचलला. खालचा शब्द मला येत होता.