देरेव्न्या म्हणजे गाव नव्हे

निघायच्या आदल्या दिवशी मृणालने, माझ्या लेकीने, अमेरिकेतून फोन करून एकच गोष्ट बजावली. "आई, प्लीज, इथे भेटेल त्याला 'गाव कोणतं' विचारत सुटू नकोस. लोकांना ऑड वाटतं." मी बरं म्हटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

२००६ सालचा जून होता. नेवार्कच्या विमानतळाबाहेर पडल्यावर आधी तेलाच्या टाक्या आणि गोदामं लागली, मग एकाएकी गर्द झाडी. पिस्कॅटवेला मृणालच्या इमारतीपाशी उतरले, तर पार्किंगमध्ये दोघी जणी तेलुगूत भांडत होत्या आणि कुणाच्या तरी खिडकीतून हिंगाच्या फोडणीचा वास येत होता. एवढा समुद्र ओलांडून मी हिंगाच्या वासाला आले होते की काय, असं वाटून मी थोडी हिरमुसलेच.

माझी अमेरिका सुरू झाली ती खालच्या बाकावर. तिथे रोज संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजीबाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसत. तिसऱ्या दिवशी मी धीर करून रशियन भाषेत "नमस्कार" म्हटलं. त्यांच्या हातातली पुडी सांडली.

माझं रशियन बाजारातलं. आमचे हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. शेजारी सोव्हिएत इंजिनिअरांची कुटुंबं, त्यांच्या बायकांबरोबर भाजी घेता घेता मी जे उचललं तेवढंच. व्याकरणाच्या नावाने पूज्य. पण एम्मा कार्लोव्हनांना (वडिलांचं नाव जोडून हाक मारणं ही त्यांच्याकडची आदराची रीत) तेवढं पुरलं. त्या तेमिरताऊच्या. कझाकस्तानातलं पोलादाचं शहर. नावाचा अर्थच लोखंडाचा डोंगर. आमच्या भिलाईची थोरली बहीणच म्हणा ना.

"म्हणजे तुम्ही कझाक?" मी विचारलं.

"छे, मी जर्मन," त्या म्हणाल्या. "पण जर्मनीत आम्हाला रशियन म्हणतात. इथेही रशियनच."

हे ऐकून मला त्यांच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. भिलाईत आम्हाला मराठी म्हणून ओळखायचे, निवृत्तीनंतर नागपूरला आलो तर तिथले लोक "ते भिलाईवाले" म्हणतात.

एम्मांची गोष्ट मात्र आमच्यापेक्षा फार कडू होती. त्या चार वर्षांच्या असताना युद्धात, पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेल्या सगळ्या जर्मनांना व्होल्गाकाठच्या घरांतून उचलून मालगाडीत कोंबलं आणि कझाकस्तानच्या गवताळ माळावर नेऊन सोडलं. त्यांची आई फ्रीडा तिथेच राबली, तिथेच गेली. पुढे कारखाना वाढला तसे युक्रेनी आले, तातार आले, कोरियन आले. एका जिन्यात दहा जातींची माणसं आणि सगळ्यांच्या घरी कोबीचं एकच सूप! सोव्हिएत संघ मोडला आणि जिना रिकामा होऊ लागला. जर्मन जर्मनीला, रशियन रशियाला. एम्मा मुलाबरोबर इथे आल्या. आईची कबर शेजारीण तमारावर सोपवून आल्या होत्या. दर वसंतात तमारा गवत काढी, कुंपणाला रंग देई.

"आता तमाराही गेली सायबेरियात, मुलाकडे," एम्मा म्हणाल्या. "तिथे आमचं कुणी उरलं नाही. त्या माळावर एका उन्हाळ्यात गवत माणसाएवढं होतं. आईची कबर हरवेल."

मी चक्रावले, कारण त्याच इमारतीत तळमजल्यावर आरमान राहत होता. विद्यापीठात संशोधन करणारा कझाक मुलगा, आणि तोही तेमिरताऊचाच! मृणालनेच सांगितलं होतं. आपल्याकडचे दोन नागपूरकर अमेरिकेत भेटले, तर चहा उकळेपर्यंत नातं काढतील. हे दोघं जिन्यात फक्त मान हलवायचे.

"त्याला सांगा ना," मी म्हटलं.

"त्याला? तो तिथला नाही. ते मागाहून आलेले," एम्मा म्हणाल्या आणि बिया सोलू लागल्या.

आता मला चैन पडेना. ब्रुकलिनला समुद्रकाठी रशियन वस्ती आहे, तिथे न्यायचं मृणालने कबूल केलं होतं. ऐन शनिवारी तिने हात वर केले. "आई, ऑफिसात रिलीज आहे गं, कॅन्सल करावं लागेल." मी म्हटलं, काही कॅन्सल करू नकोस, आरमानकडे गाडी आहे. एम्मांना म्हटलं, काळा ब्रेड आणायला चला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी पटाईत आहे.

गाडीत दोघंही माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. आरमान मला "आपा" म्हणे (मोठ्या बाईला कझाक लोक म्हणतात तसं). समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने सगळ्या पाट्या रशियन झाल्या. डोक्यावरच्या पुलावरून आगगाड्यांचा खडखडाट, खाली फुटपाथवर फरच्या टोप्या, भर जूनमध्ये! दुकानाचा मालक ओदेसाचा, रोट्या भाजणारा ताश्कंदचा आणि गल्ल्यावरची मेक्सिकन मुलगी रशियनमध्ये भाव सांगत होती. कोण कुठून येतं आणि कुठे रुजतं, याचं मला भारी नवल वाटलं.

समुद्रासमोरच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर आम्ही खायला बसलो. मी व्हारेनिकी मागवली (बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या), वर घट्ट आंबट साय. पहिलीच करंजी एका समुद्रपक्ष्याने माझ्या काट्यावरून पळवली. दोघंही हसले. हीच वेळ, असं मनाशी म्हणून मी आरमानला माझ्या बाजारातल्या रशियनमध्ये विचारलं, "तुझं गाव कोणतं?" गावाला मला एकच शब्द येत होता: देरेव्न्या.

आरमानचा चेहरा उतरला. त्याने काटा खाली ठेवला. एम्मा समुद्राकडे बघू लागल्या.

"आपा," तो इंग्रजीत हळू म्हणाला, "देरेव्न्या म्हणजे खेडं. आम्ही शहरात आलो तेव्हा बसमध्ये लोक आम्हाला हेच म्हणायचे. खेडवळ! शाळेतसुद्धा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोन्ही भाषांची खिचडी करून सांगू लागले, की बाबा, आमच्याकडे मुंबईत जन्मलेल्यालाही गाव विचारतात. गाव म्हणजे खेडं नव्हे. आपली माणसं जिथली, ते गाव. तिथे घर नसलं तरी ते आपलंच असतं.

आता तो रशियनमध्ये म्हणाला, "मग माझं गाव म्हणजे आमचा औल (मेंढपाळांची वस्ती). सरकारी मेंढ्यांचा फार्म बंद पडला, वीज गेली, शाळा गेली. तेमिरताऊत घरं ओस पडली होती, म्हणून आलो. पावाच्या कारखान्यामागच्या इमारतीत."

एम्मांनी मान वळवली. "पावाच्या कारखान्यामागे? कोणता जिना?"

"दुसरा. आमच्या आधीचे लोक तळघरात काकड्यांच्या बरण्या ठेवून गेले होते. आंबलेल्या होत्या. आईने फेकून दिल्या."

"फेकल्या?" एम्मा ओरडल्याच. "अरे, त्या आंबवलेल्याच असतात! माझी वहिनी राहायची तिथे, तिच्या होत्या त्या!"

आणि हसता हसता त्या रडू लागल्या. मी त्यांचा हात धरला. डोळे पुसून त्या आरमानला म्हणाल्या, "बसमध्ये तो शब्द मीही म्हटला आहे. तुला नाही, पण तुझ्यासारख्यांना. आता कोणत्या तोंडाने सांगू?" तरी त्यांनी सांगितलं. आईचं नाव, जुन्या दफनभूमीतली वाट, निळं कुंपण. आरमान जुलैत घरी जाणारच होता. त्याने फक्त विचारलं, "रंग निळाच द्यायचा ना?"

येताना गाडीत ते दोघं बोलत होते आणि मी मागे ब्रेडच्या पिशव्या सांभाळत झोपले. वाटेत कुठे काय लागलं ते मला सांगता येणार नाही.

ऑगस्टमध्ये मी नागपूरला परतले. अमेरिका कशी आहे, असं शेजारीपाजारी विचारतात. मी रस्त्यांबद्दल आणि मॉलबद्दल सांगते, कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. मी जे पाहून आले ते सांगायला फार वेळ लागतो. शहर रिकामं होतं आणि भरतं, पण जाणारे आणि येणारे जिन्यात एकमेकांना भेटतातच असं नाही.

मग मृणालचा फोन आला. आरमानने कबरीचा फोटो पाठवला होता. गवत काढलेलं, कुंपण निळं. एम्मा काकू फोटो घेऊन तिच्या दारात आल्या होत्या आणि बराच वेळ बसल्या. "आणि आई, ऐक ना. आरमानच्या आईला जर्मन लोक मेलेल्यांसाठी काय करतात ते माहीतच नव्हतं. मग तिने त्यांच्याकडचं केलं. शुक्रवारी सात शेल्पेक तळले."

शेल्पेक म्हणजे तळलेली मऊ पोळी. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन ती शेजाऱ्यांना वाटतात. तेमिरताऊच्या त्या जिन्यात आता सगळी नवी माणसं राहतात. फ्रीडा कोण, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. पण त्या शुक्रवारी सात घरांनी तिचं नाव घेतलं, आणि मग पोळी खाल्ली.